केसपेपरपासून कसोटीपर्यंत : सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयातील क्लिनिकल संशोधन

परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९२५ साली झाली आणि त्याला जोडलेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, जे मुंबईत केईएम या नावानेच ओळखले जाते, जानेवारी १९२६ मध्ये रुग्णांसाठी खुले झाले. मुंबईत त्यापूर्वी ऐंशी वर्षे, म्हणजे १८४५ पासून, ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकाचे उत्तम शिक्षण मिळत होते. परंतु तेथील महत्त्वाची अध्यापकपदे बहुतांशी इंडियन मेडिकल सर्व्हिस या सरकारी सेवेतील इंग्रज अधिकाऱ्यांकडे असत आणि परदेशातून उच्च पदव्या घेऊन आलेल्या भारतीय डॉक्टरांना त्या पदांपर्यंत सहसा पोहोचता येत नसे. म्हणूनच सेठ गोवर्धनदास यांच्या संपत्तीच्या विश्वस्तांनी महाविद्यालयासाठी देणगी देताना येथील अध्यापक सरकारी नोकरीत नसलेले, पूर्ण पात्रता असलेले भारतीयच असावेत अशी अट घातली आणि ती मुंबई महानगरपालिकेने मान्य केली. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता हे राष्ट्रीय चळवळीत तुरुंगवास भोगलेले आणि पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेले गृहस्थ होते, यावरून संस्थेच्या आरंभीच्या वातावरणाची कल्पना यावी. ही अट वरवर नेमणुकांपुरती दिसत असली, तरी तिचा संशोधनाशी निकटचा संबंध होता. कारण वॉर्डाचा प्रमुख कोण आहे यावर त्या वॉर्डात कोणते प्रश्न विचारले जाणार हे ठरते, आणि येथील रुग्णांच्या आजारांविषयीचे प्रश्न येथल्याच डॉक्टरांनी विचारावेत ही शक्यता त्या अटीमुळे प्रथमच संस्थात्मक पायावर उभी राहिली.

क्लिनिकल संशोधन म्हणजे प्रयोगशाळेतील प्राण्यांवर किंवा रसायनांवर नव्हे, तर प्रत्यक्ष रुग्णांच्या निरीक्षणातून आणि उपचारांतून उभे राहणारे संशोधन. त्यासाठी रुग्णांची मोठी संख्या लागते, आणि ती केईएमला कधीच कमी पडली नाही. गिरणगावातील कामगार, कोकण आणि घाटावरून उपचारासाठी आलेली कुटुंबे आणि पुढे देशाच्या इतर भागांतून येणारे रुग्ण यांनी या रुग्णालयाचे बाह्यरुग्ण विभाग आरंभापासून गजबजलेले राहिले आणि आज खाटांची संख्या मोठी असूनही वॉर्डांत जमिनीवर गाद्या घालाव्या लागतात. परंतु गर्दी हा संशोधनाचा कच्चा माल आहे, संशोधन नव्हे. दहा हजार रुग्ण तपासलेल्या डॉक्टरच्या मनात जो अनुभव साठतो तो त्याच्याबरोबरच संपतो. तो शास्त्राच्या उपयोगी पडायचा असेल तर प्रत्येक रुग्णाची स्थिती ठरावीक पद्धतीने केसपेपरवर उतरावी लागते, ती दुसऱ्या स्थितीशी ताडून पाहावी लागते आणि परक्या तज्ज्ञालाही तपासता येईल अशा रीतीने प्रसिद्ध करावी लागते. या संस्थेतील ज्या कामांनी शंभर वर्षांत वैद्यकात स्थान मिळवले, ती सर्व या कष्टाच्या मार्गाने गेलेली आहेत.

यांतील पहिले थोर उदाहरण डॉ. रुस्तम जाल वकील यांचे. लंडनमध्ये उच्च शिक्षण घेऊन मुंबईस परतलेले वकील केईएममध्ये मानद हृदयरोगतज्ज्ञ होते. मानद म्हणजे वेतन न घेता, खाजगी व्यवसाय सांभाळून सकाळचे तास पालिकेच्या रुग्णालयाला देणारे डॉक्टर. मुंबईच्या वैद्यकीय शिक्षणाची कित्येक दशके या ‘ऑनररी’ मंडळींच्या खांद्यावर उभी होती. त्या काळी उच्च रक्तदाबावर भरवशाचे औषध जवळपास नव्हते. मीठ वर्ज्य करणे, झोपेची औषधे आणि निवडक रुग्णांत मज्जातंतू छेदण्याची जोखमीची शस्त्रक्रिया, एवढेच उपाय हाती होते. दुसरीकडे, सर्पगंधा या वनस्पतीची मुळे वैद्य आणि हकीम शतकानुशतके अनिद्रा व उन्माद यांवर वापरत आले होते, १९३१ साली कलकत्त्यातील गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यामुळे रक्तदाब उतरतो असे नोंदवले होते आणि त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्यातील क्षारद्रव्ये वेगळी केली होती. म्हणजे माहिती होती, पण जगाला पटेल असा पुरावा नव्हता.

वकील यांनी तो पुरावा उभा केला. रक्तदाब ही मोठी फसवी राशी आहे. तो चिंतेने चढतो, विश्रांतीने उतरतो आणि डॉक्टरने नुसता धीर दिल्यानेही काही अंशी खाली येतो. ही अडचण ओळखून त्यांनी ५० रुग्ण निवडले, औषध देण्यापूर्वी त्यांचा रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजून प्रत्येकाची मूळ पातळी निश्चित केली आणि त्यानंतर सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या देऊन काही आठवडे होणारा बदल त्या पातळीशी ताडून पाहिला. बहुसंख्य रुग्णांत रक्तदाब उतरला आणि औषध थांबवल्यावरही त्याचा परिणाम काही काळ टिकून राहिला. ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’च्या ऑक्टोबर १९४९ च्या अंकात हा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यानंतरच पाश्चात्त्य देशांतील हृदयरोगतज्ज्ञांचे लक्ष या भारतीय मुळाकडे वळले. बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी ते वापरून पाहिले, १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातील प्रभावी द्रव्य रेसर्पिन शुद्ध रूपात मिळवले, आणि १९५७ साली वकील यांना अमेरिकेतील प्रतिष्ठेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

आजच्या कसोटीने पाहता वकील यांच्या अभ्यासात एक उणीव आहे, ती म्हणजे औषध न घेणाऱ्या रुग्णांचा तुलनागट त्यात नव्हता. रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, निवडीविना, दोन गटांत विभागण्याची यादृच्छिकीकरणाची पद्धत त्या वेळी ब्रिटनमध्ये क्षयाच्या स्ट्रेप्टोमायसिन चाचणीतून नुकतीच पुढे आली होती. तरीही उपलब्ध साधनांत त्यांनी दाखवलेली शिस्त विलक्षण होती. पुढे १९६७ साली अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या ज्या चाचणीने रक्तदाब औषधांनी आटोक्यात ठेवल्यास अर्धांगवायू व मृत्यू टळतात हे प्रथम निर्विवाद सिद्ध केले, तिच्यातील तीन औषधांपैकी एक रेसर्पिन होते. या औषधाने काही रुग्णांत तीव्र खिन्नता येते असे नंतर आढळले आणि अधिक सौम्य औषधे आल्यावर त्याचा वापर मागे पडला. परंतु रक्तदाबावर गोळीने उपचार होऊ शकतो ही आज सर्वसामान्य वाटणारी कल्पना रुजवण्यात परळच्या वॉर्डातील त्या ५० केसपेपरांचा वाटा आहे, हे वैद्यकाच्या इतिहासातून पुसता येणार नाही.

याच काळात रक्तपेढीशी निगडित असा एक शोध लागला, ज्यामुळे मुंबईचे नाव जगातील प्रत्येक वैद्यकीय पाठ्यपुस्तकात कायमचे गेले. रक्ताच्या ए, बी, एबी आणि ओ या गटांपैकी ओ गटाचे रक्त कोणालाही चालते असे तेव्हा मानले जाई. परंतु काही व्यक्तींचे रक्त तपासणीत ओ सारखे दिसूनही त्यांना ओ गटाचेच रक्त चालेना, असे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. रक्तद्रवाचे नमुने लंडनच्या तज्ज्ञांकडे पाठवून केलेल्या संयुक्त तपासणीत असे दिसले की, ज्या मूळ घटकावर ए आणि बी हे घटक रचले जातात तो एच नावाचा घटकच या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर नसतो आणि म्हणून तो घटक असलेले, म्हणजे जवळजवळ सर्व माणसांचे, रक्त त्यांच्या शरीराला परके ठरते. १९५२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे काम भेंडे, देशपांडे, भाटिया आणि चार ब्रिटिश शास्त्रज्ञ यांच्या नावे प्रसिद्ध झाले आणि त्या गटाला ‘बॉम्बे’ हे नाव मिळाले. भारतात सुमारे दहा हजारांत एक आणि युरोपात सुमारे दहा लाखांत एक, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. न जुळणाऱ्या एका बाटलीकडे ‘चूक झाली असेल’ म्हणून दुर्लक्ष करणे त्या कामाच्या रगाड्यात अगदी सोपे होते. ते न केल्यामुळे हा शोध लागला. भाटिया यांनी हे काम आयुष्यभर पुढे नेले आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे रक्तगट संदर्भ केंद्र, म्हणजे आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था, केईएमच्याच आवारात वाढली.

संशोधन प्रसिद्ध करण्यासाठी दर वेळी लंडनची वाट पाहावी लागू नये, या विचारातून संस्थेच्या अध्यापकवर्गाच्या सोसायटीने १९५५ साली ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ हे नियतकालिक सुरू केले आणि ते आजही निघते. एम. डी. किंवा एम. एस. ही पदवी घेणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो. रात्रपाळ्या करून थकलेल्या रजिस्ट्रारांनी लिहिलेल्या अशा प्रबंधांतील चांगले काम बाहेर यावे यासाठी असे व्यासपीठ गरजेचे होते.

शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी संस्थेला जगाच्या नकाशावर नेले. दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केल्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, सेन यांच्या पथकाने केईएममध्ये ही शस्त्रक्रिया केली. तोवर दक्षिण आफ्रिका आणि अमेरिका वगळता ती कोठेही झालेली नव्हती. हे धाडस ऐनवेळचे नव्हते, त्यामागे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत प्राण्यांवर केलेल्या दीर्घ सरावाची पूर्वतयारी होती. रुग्ण काही तासांतच दगावला आणि त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या प्रयत्नातील रुग्णही एक दिवसाच्या आत गेला. शरीराने परके हृदय नाकारू नये यासाठीची परिणामकारक औषधे तेव्हा नव्हती आणि मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यताही नव्हती. ती १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मिळाली आणि त्याच वर्षी दिल्लीत देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण झाले. सेन यांचे प्रयत्न अपयशी म्हणून नोंदवणे सोपे आहे. परंतु हृदय-फुप्फुस यंत्र, भूलशास्त्र आणि अतिदक्षता यांची जी घडी त्यांनी बसवली, तिच्या आधारावर पालिकेच्या रुग्णालयात गरीब रुग्णांची खुली हृदयशस्त्रक्रिया पुढे रूढ झाली.

त्याच सुमारास हृदयरोग विभागात डॉ. के. के. दाते यांनी अगदी वेगळ्या वाटेने एक प्रयोग केला. रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्यांचा रक्तदाब आणि औषधांची गरज यांतील बदल त्यांनी मोजला. निष्कर्ष १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात आले आणि अनेक रुग्णांत औषधांची मात्रा कमी करता आल्याचे त्यांत नमूद होते. योगाविषयी श्रद्धेने किंवा तुच्छतेने बोलणारे तेव्हाही पुष्कळ होते. दाते यांनी त्याला रक्तदाबमापकासमोर उभे केले. लंडनमध्ये चंद्रा पटेल यांनी १९७० च्या दशकात तुलनागटासह केलेल्या चाचण्या याच प्रश्नाचा पुढचा टप्पा होत.

औषधांच्या चाचण्यांना शास्त्रशुद्ध बैठक मिळाली ती डॉ. यू. के. शेठ यांच्यामुळे. औषध प्राण्याच्या शरीरात काय करते हे सांगणारे औषधशास्त्र आणि ते रुग्णाच्या शरीरात किती मात्रेने, किती वेळ व कोणत्या धोक्यासह काम करते हे सांगणारे क्लिनिकल औषधशास्त्र, हा भेद त्यांनी येथे रुजवला आणि भारतातील या विद्याशाखेचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या परंपरेतील डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञांबरोबर केलेले काम रुग्णालय आणि विद्यापीठ एकत्र आल्यास काय साधते याचा उत्तम नमुना आहे. अँफोटेरिसिन-बी हे घातक बुरशीजन्य संसर्गांवर आणि काळा आजारावर गुणकारी, पण मूत्रपिंडाला हानी पोहोचवणारे औषध. ते लायपोसोममध्ये, म्हणजे मेदद्रव्याच्या अतिसूक्ष्म पिशवीत, भरून दिले तर ते रोगग्रस्त पेशींपर्यंत अधिक आणि मूत्रपिंडापर्यंत कमी पोहोचते. परदेशात असे औषध तयार झाले होते, पण त्याची किंमत सामान्य भारतीय रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती. दिल्लीत तयार झालेल्या देशी लायपोसोमची सुरक्षितता आणि मात्रा परळच्या रुग्णांत पायरीपायरीने तपासली गेली आणि ते औषध बाजारात आले.

मलेरियाविषयीचा एक अभ्यास मात्र कोणत्याही नव्या औषधाचा नव्हता, आणि म्हणूनच तो अधिक मोलाचा म्हणावा लागेल. व्हायव्हॅक्स जातीच्या मलेरियाचे जंतू यकृतात दडून राहतात व काही महिन्यांनी ताप पुन्हा आणतात. ते मारण्यासाठी देशाच्या मलेरिया कार्यक्रमात अनेक वर्षे प्रायमाक्वीन पाच दिवस दिले जात असे. पावसाळ्यात मलेरियाच्या रुग्णांनी भरून जाणाऱ्या केईएममध्ये डॉ. नित्या गोगटे, डॉ. क्षीरसागर आणि सहकाऱ्यांनी पाच दिवसांच्या व चौदा दिवसांच्या उपचारांची तुलना केली आणि पाच दिवसांच्या औषधाने पुनरावृत्ती टळत नाही असे १९९९ साली दाखवून दिले. राष्ट्रीय कार्यक्रमाने पुढे चौदा दिवसांचा उपचार स्वीकारला. अशा प्रश्नात कोणत्याही कंपनीला रस नसतो, कारण जुन्या स्वस्त गोळीत नफा नाही. तो प्रश्न सार्वजनिक रुग्णालयानेच विचारायचा असतो.

आयुर्वेदाच्या बाबतीत वकील यांनी घालून दिलेला धडा डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी पुढे चालवला. मराठी वाचक त्यांना ‘वृक्षगान’ आणि ‘फुलवा’ या पुस्तकांच्या लेखिका म्हणून ओळखतात. औषधशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस केईएममध्ये आयुर्वेद संशोधन केंद्र उभे केले आणि डॉ. उर्मिला थत्ते, डॉ. निर्मला रेगे यांच्यासारख्या सहकाऱ्यांची एक पिढी घडवली. वनस्पतीतील एकच रेणू वेगळा काढून त्याचे औषध बनवण्याऐवजी आयुर्वेदातील रसायन ही संकल्पना, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या द्रव्यांचा विचार, आधुनिक प्रतिरक्षाशास्त्राच्या मोजमापांनी तपासावी हा त्यांच्या कामाचा गाभा होता. पित्तमार्ग अडल्याने कावीळ झालेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाने मृत्यू होण्याचे प्रमाण फार मोठे असे. शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट, ज्यांचे ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ हे आत्मकथन मराठीत सुपरिचित आहे, यांच्या युनिटमधील अशा ३० रुग्णांची यादृच्छिकपणे दोन गटांत विभागणी करून एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर गुळवेल, म्हणजे गुडूची, देण्यात आली. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या गटात ४० टक्के आणि गुळवेलीच्या गटात ९२.४ टक्के होते. फरक थक्क करणारा आहे, पण ३० रुग्णांवरून उपचाराचा नियम ठरत नाही. मोठ्या संख्येच्या चाचण्यांनीच अशा निष्कर्षाची खातरजमा होते, आणि गुळवेलीचे नाव घेऊन आज जे वाटेल ते विकले जाते त्याला या अभ्यासाचा आधार मुळीच नाही.

नोंदीचे महत्त्व ज्या घटनेने सर्वांत स्पष्टपणे पुढे आणले ती ६ ऑगस्ट १९८६ ची आहे. त्या दिवशी केईएममध्ये, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या संयुक्त प्रयत्नातून, शरीराबाहेर फलन करून वाढवलेल्या गर्भाचा म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. बीजांड काढल्यापासून प्रसूतीपर्यंतची प्रत्येक पायरी नोंदवलेली असल्याने देशातील पहिले शास्त्रीय पुराव्यानिशी सिद्ध झालेले उदाहरण म्हणून त्याला मान्यता मिळाली. परंतु १९७८ साली कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी हेच साधल्याचा दावा केला होता. सरकारी समितीने तो फेटाळला आणि मानहानी सोसलेल्या मुखर्जींनी १९८१ साली जीवनाचा शेवट केला. आनंदकुमार यांनी त्यांची हस्तलिखित टिपणे स्वतः तपासली आणि १९९७ साली ‘करंट सायन्स’मध्ये लिहून पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे असे जाहीर केले. स्वतःच्या पथकाला मिळालेला मान पुराव्यापुढे दुसऱ्याच्या हवाली करण्याचे असे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडते, आणि परळच्या संशोधनपरंपरेला त्याचा अभिमान वाटावा.

रुग्णाच्या संमतीचा प्रश्न मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला, हे या इतिहासात स्पष्टपणे लिहिले पाहिजे. फुकट उपचारासाठी आलेला, अक्षरओळख नसलेला आणि डॉक्टरला देव मानणारा माणूस नकार देऊ शकतो हेच अनेकदा गृहीत धरले जात नसे. वकील किंवा दाते यांच्या काळात लेखी संमतीची प्रथा जगातच नुकती आकार घेत होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० साली याविषयी धोरणनिवेदन आणि २००० साली सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. या दोहोंच्या दरम्यान, १९९३ साली, मुंबईतील काही डॉक्टरांनी वैद्यकीय नीतीला वाहिलेले नियतकालिक सुरू केले. त्याचे संपादक केईएममधील मेंदूशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या होते आणि आपल्याच व्यवसायाला अडचणीचे वाटणारे प्रश्न त्यांनी निर्भयपणे मांडले.

जून २००९ पासून प्रत्येक औषधचाचणी आरंभापूर्वीच सार्वजनिक नोंदवहीत, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत, नोंदवणे बंधनकारक झाले, जेणेकरून प्रतिकूल निष्कर्ष दडपले जाऊ नयेत. २०१९ च्या नियमांनुसार नीती समितीत किमान सात सदस्य असावे लागतात. त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री आणि एक कायदेतज्ज्ञ असणे आवश्यक असते आणि निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावे लागतात. चाचणीत सहभागी व्यक्तीला गंभीर अपाय झाल्यास संशोधकाने तो चोवीस तासांत कळवायचा असतो आणि चाचणीमुळे झालेल्या अपायासाठी उपचार व भरपाई द्यावी लागते. नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल परिस्थितीतील व्यक्ती सहभागी असतील तर संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रण होते. केवळ एचआयव्ही आणि कुष्ठरोग यांच्या चाचण्यांत, ओळख उघड होऊ नये म्हणून, ध्वनिमुद्रणावर भागवले जाते.

या सर्व व्यवस्थेची मोठी परीक्षा २०२० साली झाली. कोविडच्या साथीत रुग्णालयाच्या खाटा भरलेल्या असताना ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेल्या आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या लशीची भारतातील चाचणी देशभरातील केंद्रांत मिळून १,६०० स्वयंसेवकांवर होणार होती; केईएम त्यांपैकी एक केंद्र होते आणि तेथे २६ सप्टेंबर रोजी पहिल्या स्वयंसेवकांना टोचणी देण्यात आली. हे स्वयंसेवक उपचारासाठी आलेले रुग्ण नव्हते, तर निरोगी नागरिक होते. लशीचे संभाव्य धोके समजून घेऊन त्यांनी सही केली होती, पुढील कित्येक महिने ठरलेल्या तारखांना रक्तचाचणीसाठी येण्याचे कबूल केले होते आणि कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, चाचणीतून बाहेर पडण्याचा हक्क त्यांना त्या संमतिपत्रानेच दिलेला होता.